लाल कॅसेट

भिलाईत आम्ही तिला कॅसेटच म्हणत असू. गाण्यांचीही कॅसेट आणि व्हिडिओ गेमचीही कॅसेट. कुठली ते बोलण्याच्या ओघात कळायचे. आमच्याकडे होती ती पिवळी होती. तिच्यावर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले होते. आत खरे खेळ मोजून सात-आठ. बाकी यादी म्हणजे तेच खेळ पुन्हा पुन्हा, वेगळ्या नावांनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत सेक्टरमधल्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत पडदे ओढून आम्ही पाचसहा पोरे त्या एका डब्यापुढे बसत असू. दोन रिमोट आणि बाकीचे सल्लागार.

त्या सगळ्या खेळांत आपण स्वतःला बाजूने पाहत असू. ‘कॉन्ट्रा’मधला उघड्या अंगाचा शिपाई डावीकडून उजवीकडे धावतो, मारियो डावीकडून उजवीकडे उड्या मारतो. आपण त्यांचे मालक खरे, पण प्रेक्षकच. म्हणून पुढे एका ओळखीच्यांच्या कॉम्प्युटरवर ‘डूम’ पाहिला तेव्हा पहिली काही मिनिटे मला नायक सापडेचना. पडद्याच्या तळाशी फक्त एक हात आणि बंदूक. बाकी समोर लांबच लांब बोळ, वळणापलीकडे कोण गुरगुरतेय ते दिसत नाही. नायक नव्हताच, कारण तो मीच होतो. एवढी साधी गोष्ट समजायला मला वेळ लागला, आणि समजल्यावर मी खुर्ची किंचित मागे सरकवली हेही आठवते.

हा खेळ पिवळ्या कॅसेटच्या डब्यावर कधी येईल का, असे मी तेव्हा बाबांना विचारले होते. बाबा कारखान्यात देखभालीच्या कामावर. डबा म्हणजे काय आणि कॉम्प्युटर म्हणजे काय, याचा त्यांनी आपल्या परीने विचार केला आणि म्हणाले, “अरे, स्कूटरचं इंजिन ट्रकला लावण्यासारखं आहे ते.” विषय संपला. त्याच सुमारास अमेरिकेत एका माणसाने ते इंजिन ट्रकला लावून दाखवलेही होते, हे कळायला मला वीस वर्षे लागली.

ती गोष्ट सांगण्याआधी ‘डूम’बद्दल थोडे. टेक्सासमधल्या ‘आयडी सॉफ्टवेअर’ या लहानशा कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवला. आदल्याच दिवशी, ९ डिसेंबरला, अमेरिकेच्या सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली होती. योगायोग म्हणावा तर फारच नेमका. कथा विज्ञानकथेतली: मंगळाच्या फोबोस आणि डीमोस या चंद्रांवर एक कंपनी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी क्षणात पोहोचवणाऱ्या दारांचे प्रयोग करते, दारे भलतीकडे उघडतात आणि नरक आत शिरतो. उरतो तो एकटा सैनिक. पहिला तिसरा हिस्सा फुकट वाटायचा आणि उरलेल्याचे पैसे घ्यायचे, अशी विक्रीची रीत होती. त्यामुळे तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरत गेला आणि आमच्यापर्यंतही तसाच आला.

कथेपेक्षा मोठी करामत चित्रात होती. त्या काळच्या साध्या कॉम्प्युटरला, ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरीला, एवढ्या खोल्या, जिने, उंचसखल जमिनी सेकंदाला कित्येकदा नव्याने रंगवणे झेपणारे नव्हते. कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे हे दर क्षणी ठरवण्यातच त्याचा जीव जायचा. जॉन कारमॅकने यासाठी एक जुनी युक्ती उचलली. फुक्स, केडेम आणि नेलर या तिघांनी १९८० मध्ये एका शोधनिबंधात ती मांडली होती. भिलाईकराला ती समजावणे सोपे आहे. टाउनशिपचा नकाशा घ्या. सेंट्रल ॲव्हेन्यूवर पट्टी ठेवून रेघ मारा. सगळी घरे रेघेच्या या बाजूला किंवा त्या बाजूला गेली. आता एकेका बाजूला पुन्हा एक रेघ, पुन्हा दोन भाग, असे करत प्रत्येक तुकड्यात एखादेच अंगण उरेपर्यंत कापत जा, आणि कुठल्या रेघेतून कुठली निघाली याची वंशावळ लिहून ठेवा. मग कुणी कुठेही उभे असो, दर रेघेला एकच प्रश्न विचारायचा: हा माणूस तुझ्या कुठल्या बाजूला आहे? त्याची बाजू जवळची, दुसरी लांबची. वंशावळ उतरत गेलात की जवळून लांब असा क्रम आपोआप हाती येतो. कापाकापीचे सगळे कष्ट खेळ तयार करतानाच उरकलेले असतात. खेळताना उरते ते फक्त विचारणे.

यात गंमत अशी की ही युक्ती कारमॅकने आधी वापरली ती कॉम्प्युटरवर नव्हे, तर निन्टेन्डोच्या ‘सुपर निन्टेन्डो’ या यंत्रावर. आयडीचा आधीचा खेळ ‘वुल्फेन्स्टाइन’ त्या यंत्रावर उतरवायचे काम अडले होते, यंत्र इतके मंद की जुनी पद्धत चालेना. म्हणून रेघा आल्या, आणि तिथून त्या ‘डूम’मध्ये गेल्या. (त्या ‘वुल्फेन्स्टाइन’मधून निन्टेन्डोने रक्त काढायला लावले, आणि कुत्र्यांना गोळ्या घालणे बरे दिसत नाही म्हणून त्यांच्या जागी मोठाले उंदीर आले. माणसांना घालायला हरकत नव्हती.)

तर ‘सुपर निन्टेन्डो’. हा आमच्या डब्याचा वरच्या घरातला चुलतभाऊ. आमच्या डब्यातला प्रोसेसर ६५०२ या कुळातला, सेकंदाला साधारण १८ लाख ठोके देणारा; सुपर निन्टेन्डोतला त्याच कुळातला पुढच्या पिढीचा, जास्तीत जास्त ३५.८ लाख ठोक्यांचा. कॉम्प्युटरच्या ३८६ पुढे हाही किरकोळच. काम करायला मेमरी १२८ केबी, म्हणजे ‘डूम’ मागत होता त्याचा बत्तिसावा भाग. शिवाय या यंत्राला ठिपका ठिपका रंगवणे ठाऊकच नव्हते. ते फरशा बसवते. आठ बाय आठ ठिपक्यांच्या तयार फरशा शेजारी शेजारी मांडून पडदा भरायचा, ही त्याची रीत. डावीकडून उजवीकडे धावणाऱ्या शिपायासाठी उत्तम, फोबोसवरच्या बोळांसाठी निरुपयोगी.

रॅन्डी लिंडन या प्रोग्रॅमरला तरीही वाटले की जमेल. त्याच्या भरवशाची जागा होती कॅसेट. निन्टेन्डोने कॅसेटच्या आतच जादा प्रोसेसर बसवण्याची सोय ठेवली होती, आणि इंग्लंडच्या ‘आर्गोनॉट’ कंपनीने घडवलेला ‘सुपर एफएक्स’ हा प्रोसेसर १९९३ च्या ‘स्टार फॉक्स’ या अंतराळयानांच्या खेळात वापरला गेला होता. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे ठोके सेकंदाला २ कोटी १४ लाख. म्हणजे डब्यापेक्षा कॅसेटच जास्त हुशार. स्कूटरला ट्रकचे इंजिन मिळाले, पण ते सीटखाली न बसवता डिकीत ठेवून.

मात्र लिंडनकडे काहीच नव्हते. ‘डूम’चा मूळ कोड आयडीने जगासाठी खुला केला तो डिसेंबर १९९७ मध्ये, लिंडनने सुरुवात केली तेव्हा तो त्याच्या हाती नव्हता. सुपर एफएक्ससाठी लिहिण्याची अधिकृत साधनेही नव्हती. मग त्याने काय केले? मॅट फेल नावाच्या एका हौशी माणसाने ‘डूम’च्या फायली ठिकठिकाणी तपासून आत काय कसे ठेवले आहे याचे टिपण प्रसिद्ध केले होते, ते वाचले. ‘स्टार फॉक्स’ची एक कॅसेट फोडून तिचे आपल्या कामाच्या कॅसेटमध्ये रूपांतर केले. सुपर निन्टेन्डोच्या दोन रिमोटच्या वायरी आपल्या अमिगा कॉम्प्युटरला जोडून डब्याशी बोलायची वाट काढली. असेंब्लर, लिंकर, डीबगर ही सगळी हत्यारे स्वतः लिहिली. खेळ चालायला लागल्यावर तो ‘स्कल्प्चर्ड सॉफ्टवेअर’ या सॉल्ट लेक सिटीतल्या कंपनीपुढे ठेवला. सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत तो बाजारात आला. सुपर निन्टेन्डोच्या कॅसेटी करड्या असत. ही लालभडक होती.

आता या लाल कॅसेटचे खरे दर्शन. दोन एमबी जागा. मूळ ‘डूम’च्या साहित्याला सुमारे ११ एमबी लागत. पडद्याच्या कडा काळ्या ठेवून मधोमध लहान खिडकीतच खेळ दिसतो, कारण सुपर एफएक्सने रंगवलेले चित्र फरशांच्या रूपात डब्याच्या हवाली करायला वेळच तेवढा मिळे. आडवे ठिपके दुप्पट रुंद. सेकंदाला साधारण दहा चित्रे, कधी त्याहून कमी. जमीन आणि छत सपाट एकरंगी. २७ पैकी २२ पातळ्या. खेळ मध्येच साठवून ठेवायची सोय नाही. आणि राक्षसांची फक्त समोरून काढलेली चित्रे: पाठ आणि कूस यांना जागा उरली नाही. त्यामुळे या ‘डूम’मध्ये कुठलाही राक्षस कधीच पाठमोरा होत नाही. तुम्ही कुठूनही या, तो तुमच्याकडेच पाहत असतो. टंचाईतून आलेली ही गोष्ट मूळ खेळापेक्षा जास्त भीतीदायक आहे, असे माझे मत. संगीत मात्र सुरेख उतरले आहे. आवाजाचा तो चिप सोनीने बनवलेला. सोनीचे नाव पुढे पुन्हा येईल.

त्याने काय कापले याची यादी सगळेच देतात. मला त्याने काय राखले ते जास्त महत्त्वाचे वाटते. अटारी जॅग्वारसारख्या पुढच्या, सशक्त यंत्रांवरच्या ‘डूम’मध्ये नकाशेच सोपे करून टाकले होते, जिने आणि कोनाडे छाटले होते. लिंडनने घेतलेल्या २२ पातळ्यांची रचना बहुतांशी मूळ कॉम्प्युटरवरचीच आहे. जमीन रंगवायला ताकद नाही तर न रंगवता ठेवली, पण खोली हलवली नाही. पोताऱ्याने घर लिंपले नाही, पण गवंड्याने भिंत जागेवरच उभी केली. सरावलेला माणूस या धूसर खिडकीतही डोळे मिटून गुप्त दरवाज्यापर्यंत जाऊ शकतो.

हे सगळे भिलाईत बसून लिहिताना एक गोष्ट टोचते. लाल कॅसेट चालवणारा डबा आमच्यापैकी कुणाच्याही घरी असण्याचा प्रश्नच नव्हता. निन्टेन्डोचा जुना डबा भारतात ‘सामुराई’ या नावाने अधिकृतपणे मिळे, पण सुपेल्याच्या किंवा पॉवर हाउसच्या बाजारात जे दिसे ते बहुतेक नकलीच. सेगाने १९९५ मध्ये ८० टक्के आयातशुल्क चुकवण्यासाठी शॉ वॉलेसशी करार केला (होय, मद्यवाली शॉ वॉलेस) आणि ‘मेगा ड्राइव्ह’ इथे विकायला काढला. किंमत १८,००० रुपये. त्या काळी एवढ्यात घरात काय काय आले असते याचा हिशेब कुठल्याही क्वार्टरमधली आई तोंडी करून दाखवी.

मेगा ड्राइव्हवरही असा एक खेळ होता, ‘झिरो टॉलरन्स’, १९९४ चा. अंतराळस्थानकावर परग्रहावरचे जीव शिरतात, पाच सैनिकांची तुकडी पाठवली जाते आणि मेलेला सैनिक परत येत नाही. कॅसेटमध्ये जादा प्रोसेसर नसतानाही ‘टेक्नोपॉप’च्या लोकांनी हे केले, अर्थात खिडकी आणखीच लहान. तो प्रसिद्ध केला ‘ॲकोलेड’ने, आणि ॲकोलेड म्हणजे कॅसेट उघडून पाहण्याच्या प्रकरणातले मोठे नाव. परवाना न घेता मेगा ड्राइव्हसाठी खेळ काढायचे म्हणून त्यांनी सेगाच्या कॅसेटींतला कोड उलगडून, यंत्र सुरू होताना कॅसेटकडून काय मागते ते शोधले. पुढच्या मॉडेलमध्ये ते मागत असे चार अक्षरे, एस-ई-जी-ए, ठरल्या जागी. सेगाने खटला भरला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटले की, आपला खेळ त्या यंत्रावर चालावा एवढ्यासाठी दुसऱ्याचा कोड उलगडून पाहणे हा न्याय्य वापर आहे. पुढल्या वर्षी समझोता झाला आणि ॲकोलेड सेगाचा अधिकृत परवानाधारक झाला. भारतात हीच सूट कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने आली.

आणि आमचा डबा? तोही उघडून पाहण्यातूनच आला. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या ‘फॅमिकॉम’ला कुलूपच नव्हते, अमेरिकेला पाठवताना त्यांनी परवानगी तपासणारा चिप बसवला. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी बिनकुलपाच्या जपानी डब्याची नक्कल केली, म्हणून आमच्या पिवळ्या कॅसेटींना साठ पिनांचा जपानी घाट. लिंडनने वाचले, समजून घेतले आणि ओळन् ओळ स्वतः लिहिली. आमच्या डब्यावाल्यांनी यंत्र उचलले आणि खेळही. दोन्हींना एकाच पंगतीत बसवणे मला पटत नाही. पण ती चोरी नसती तर सेक्टरमधल्या त्या पोरांना व्हिडिओ गेम म्हणजे काय हे कॉलेजात गेल्यावर कळले असते, हेही मला नाकारता येत नाही. यावर मी अनेकदा विचार केला. हिशेब जुळत नाही, आणि मी तो जुळवून दाखवणार नाही.

हे गाव तरी काय, दुसऱ्याची यंत्रे समजून घेण्यातूनच उभे राहिले. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला, चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातून, आणि भोसल्यांच्या काळापासून दुर्ग-रायपूरकडे असलेल्या मराठी घरांतून माणसे इथे कामाला लागली. रशियन नकाशे, रशियन सुटे भाग. बाबा सांगत, भाग तुटला आणि मागवायला महिने लागणार असले की तो आपल्याच वर्कशॉपमध्ये मोजायचा, चित्र काढायचे आणि घडवायचा. याला कुणी चोरी म्हटले नाही. फळ्यावर त्याचे नाव ‘आयात पर्याय’ असे असे. अर्थात तिथे देणारा शिकवायलाच आला होता, हा फरक लहान नाही.

लिंडनचे उघडून पाहणे तिथे थांबले नाही. १९९९ मध्ये त्याने आणि डेव्हिड हर्पोल्शायमरने ‘ब्लीम’ काढले: सोनीच्या प्लेस्टेशनचे खेळ साध्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम. सोनीने खटले घातले. जाहिरातीत सोनीच्या खेळांची चित्रे तुलनेसाठी वापरण्याच्या मुद्द्यावर २००० मध्ये अपील न्यायालय ब्लीमच्या बाजूने उभे राहिले, पण वकिलांची बिले कुणी जिंकले हे पाहत नाहीत. २००१ मध्ये कंपनी बंद पडली.

जुलै २०२० मध्ये त्याने सुपर निन्टेन्डोवरच्या ‘डूम’चा आपला सगळा कोड मुक्त परवान्याखाली इंटरनेटवर ठेवला. पंचवीस वर्षे कपाटात राहिलेला असेंब्ली भाषेतला कोड. ज्याला हवे त्याने वाचावा. त्या काळातल्या असंख्य खेळांचा मूळ कोड कंपन्या बुडताना, फ्लॉपी सडताना नाहीसा झाला, म्हणून याचे मोल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच खेळाच्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली, लिंडनच्याच हातची, त्याच जुन्या डब्यासाठी, वगळलेल्या पातळ्यांसकट. मी कोड उतरवून घेतला. मला त्यातले फार थोडे कळते, पण बोळ कुठे रंगवला जातो ती जागा शोधण्यात दोन रात्री गेल्या.

गेल्या दिवाळीत माळ्यावरचा आमचा डबा खाली काढला. सुरू होईना. बाबांना आता बारीक दिसत नाही, तरी चष्मा वर करून त्यांनीच स्क्रू काढले. मी टॉर्च धरला. आत फारसे काही नव्हते. एक लहानसे हिरवे बोर्ड, चार वायरी, आणि मधोमध रुपयाएवढा काळा, गुळगुळीत राळेचा गोळा. सगळे यंत्र त्या गोळ्याखाली. ना पाय, ना नंबर, ना कुठे डाग लावायला जागा. दुसऱ्याचा डबा उघडून घडवलेला हा डबा पुन्हा कुणाला उघडता येऊ नये अशा बेताने बंद केलेला होता. बाबांनी त्यावरून नखाने एकदा टकटक केली.

“रशियनांनी निदान नकाशे तरी दिले होते,” ते म्हणाले, आणि झाकण लावायला घेतले.